सुटं मिळत नाही

टिक्.

एवढाच आवाज झाला, पण घर इतकं गप्प होतं की तो तिन्ही खोल्यांत ऐकू गेला. शिवणाच्या मशीनची सुई मोडली होती. सासूबाईंनी पाय जागच्या जागी थांबवला, सुनेनं पुसायला घेतलेलं ताट हवेतच धरून ठेवलं, आणि दोघींनी एकदमच आतल्या पलंगाकडे पाहिलं. पलंगावर मुंगी झोपली होती. साडेतीन वर्षांची पोर. खरं नाव भारदस्त, चार जणांना विचारून ठेवलेलं. पण रांगायला लागल्यापासून जिथे फट दिसेल तिथे शिरायची, म्हणून मुंगी. मुंगीनं कूस बदलली, कपाळाला एक आठी घातली, ती आठी तिची तीच विरली, आणि दोघींचा श्वास सुटला.

"मोडली?" सुनेनं नुसते ओठ हलवले.

"मोडू दे." सासूबाईंनी डबीतून दुसरी सुई काढली, बारीक स्क्रू सैल केला, सुई खोचली, स्क्रू आवळला, दोरा ओवला. सगळं मिळून मिनिटभर लागलं असेल. "सुई मोडली म्हणून अख्खं मशीन बदला, असं सांगणारा मला अजून कोणी भेटला नाही," त्या कुजबुजल्या. "तुलाच कसा भेटला?"

हा टोमणा होता, पण सुनेसाठी नव्हता. तो होता आदल्या दिवशी भेटलेल्या एका टाय लावलेल्या तरुणासाठी.

झालं होतं असं, की गुरुवारी त्यांच्या गाडीच्या पुढच्या दाराची काच खाली गेली ती गेलीच. बटण दाबलं की दाराच्या पोटातून घर्रर्र आवाज यायचा. मोटर बिचारी इमानेइतबारे फिरत होती, पण काच आपली आत रुसून बसलेली. नेहमीची वेळ असती तर कोणी एवढं मनावर घेतलं नसतं. दारावर प्लास्टिक चिकटवून महिना काढला असता. पण येत्या सोमवारपासून सुनेला कामावर जायचं होतं, आणि तेही तब्बल चार वर्षांनी.

ऐकू कमी येणाऱ्यांना कानाची यंत्रं बसवून द्यायची, हे तिचं काम. मुंगीच्या आधी ती हे एका दवाखान्यात बसून करायची. आताच्या नोकरीत म्हाताऱ्या माणसांच्या घरी जायचं होतं. तपासणीची पेटी आणि यंत्रं दिवसभर गाडीत राहणार. म्हणून अट एकच, गाडी स्वतःची हवी आणि ती नीट कुलूपबंद होणारी हवी. सोमवारच्या यादीत सहा घरं होती. "अडचण असेल तर आत्ताच सांगा, आमच्याकडे दुसऱ्या एक बाई तयार आहेत," असं ऑफिसातल्या बाईंनी अगदी गोड आवाजात सांगितलं होतं. तिनंही तितक्याच गोड आवाजात "काहीच अडचण नाही" म्हणून फोन ठेवला होता. त्याच संध्याकाळी काच पडली.

म्हणून शुक्रवारी सकाळी ती गाडी घेऊन कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला गेली. तिथली फरशी इतकी लख्ख, की तिला चपला बाहेर काढाव्याशा वाटल्या. कोपऱ्यात माशांची पेटी, फुकट कॉफीचं मशीन, गुबगुबीत सोफे. गाडी मात्र एका शटरमागे गेली आणि दिसेनाशी झाली. अर्ध्या तासानं तो टाय लावलेला तरुण आला. मुलगा सभ्य होता, त्याबद्दल तिची काही तक्रार नव्हती.

"सर नाही आले?" त्यानं विचारलं.

"कुठले सर?"

"नाही, म्हणजे... गाडीचं समजावून सांगायचं होतं."

"मला सांगा. नाही समजलं तर पुन्हा विचारेन."

त्यानं टॅब्लेटवर चित्र दाखवलं. दाराच्या आत काच एका पट्टीवरून वरखाली सरकते. त्या पट्टीवर प्लास्टिकची एक क्लिप असते, ती काचेला खालून धरते. ती क्लिप तुटली होती.

"मग क्लिप बदला."

"क्लिप सुटी येत नाही, मॅडम. पूर्ण असेंब्ली येते. पट्टी, वायर, मोटर, सगळं एकत्र."

"पण मोटर तर चांगली आहे. मी आवाज ऐकलाय."

"मोटर चांगलीच आहे," तो कबूल झाला. "पण सुटं मिळत नाही."

मग त्यानं कागद पुढे केला. असेंब्लीचे वेगळे, मजुरीचे वेगळे, दार उघडून बघितल्याचे वेगळे. बेरीज बघून तिला कॉफी फुकट का असते ते कळलं. तिच्या पहिल्या पगारातला निम्मा पगार त्या कागदावर होता, आणि त्याहून वाईट म्हणजे त्याखाली बारीक अक्षरात लिहिलं होतं: भाग उपलब्ध होण्यास आठ ते दहा दिवस. आठ दिवसांनी तिच्या सहा म्हाताऱ्यांच्या कानात त्या दुसऱ्या बाई यंत्रं बसवत असणार होत्या.

"विचार करून सांगते," ती म्हणाली.

त्या मुलानं इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज उतरवला. "मॅडम, माझ्या स्वतःच्या गाडीचं असतं ना, तर मी बरणीकाकांकडे गेलो असतो. पण हे मी बोललो नाही."

"मी ऐकलंच नाही," ती म्हणाली. कानाच्या धंद्यातल्या बाईला एवढं खोटं चालतं.

बरणीकाकांचं दुकान टायरवाल्यांच्या गल्लीत होतं. गाडीच्या बारीकसारीक क्लिपा, टोप्या, वायसर ते काचेच्या बरण्यांमध्ये ठेवायचे, म्हणून बरणीकाका. ते स्वतः त्या बरण्यांच्या भिंतीमागे असे बसलेले, की आधी टक्कल दिसलं आणि मग चष्मा.

"असेंब्ली सांगितली ना त्यांनी?" ती तोंड उघडायच्या आतच ते म्हणाले. "सांगणारच. नाकापेक्षा मोती जड! डावी की उजवी?"

"चालवणाऱ्याच्या बाजूची."

"शाबास. डावी-उजवी म्हणणारे निम्मे लोक चुकीची घेऊन जातात. गाडीत बसून डावी वेगळी, गाडीसमोर उभं राहून डावी वेगळी." त्यांनी बरणीतून अंगठ्याएवढी पांढरी क्लिप काढून तिच्या तळहातावर ठेवली. "दार कोण उघडणार?"

"मीच."

"करा करा. अवघड काही नाही. मोबाइलवर व्हिडिओ बघा, आणि माझं एक ऐका. उघडणं सोपं असतं, मिटवणं अवघड. दार असो की तोंड."

क्लिपची किंमत ऐकून ती आणखी एक क्लिप घेऊन आली. दोन्ही मिळून घरात दोन दिवसांत लागणाऱ्या दुधाएवढी.

घरी मतदान झालं. नवरा कागदाच्या गिरणीत पाळीवर जायचा, तो डबा भरता भरता म्हणाला, "हात दाखवून अवलक्षण कशाला? देऊन टाक त्यांना, डोक्याला ताप नको."

"आणि आठ दिवस?"

"तेही आहेच," तो म्हणाला. खरं तर या विषयावर त्याला फारसं बोलता येत नसे. दोन वर्षांपूर्वी त्यानं हौसेनं मिक्सर उघडला होता; तो मिक्सर अजून पिशवीत होता. पण तो मिटवायला म्हणून नंतर घेतलेली हत्यारांची पेटी घरात होती, अगदी कोरी, पान्यांवरचा कागदही न निघालेली. ती त्यानं माळ्यावरून काढून दिली आणि एक अट घातली. "दाराचं काय ते कर. उद्या ब्रेकबिकचं काही निघालं, तर मात्र मुकाट्यानं त्यांच्याकडे जायचं. तिथे काटकसर नको."

"मला काय वेड लागलंय?" ती म्हणाली.

तर अशी ती शनिवारची दुपार होती. मुंगी झोपली की साधारण दीड तास मिळायचा. चार वर्षं तिचं सगळं आयुष्य त्या दीड तासात चालत आलं होतं. त्यातच केस धुवायचे, फॉर्म भरायचे, आईला फोन करायचा, कधी नुसतंच बसायचं. आजचा दीड तास दाराचा. गाडी खिडकीखालीच उभी होती, खिडकी उघडी ठेवली की मुंगीची चुळबूळसुद्धा ऐकू आली असती.

"मी येते," सासूबाई मशीनवरून उठल्या. "उसवायचं काम आहे ना? उसवणं काय असतं ते मला विचार. दुसऱ्यांची ब्लाउजं उसवूनच मी शिवायला शिकले."

त्यांनी जुनी निळी चादर आणली, खडू आणला, आणि गाडीशेजारी सावलीत चादर पसरून बैठक मारली. बाई हाडाची शिवणारी. कुठलीही वस्तू सुटी करायची म्हणजे आधी खुणा, हा त्यांचा धर्मच होता. त्यांनी दाराच्या आतल्या झाकणाकडे डोळे बारीक करून पाहिलं आणि चादरीवर खडूनं मोठा चौकोन काढला, त्यात सहा गोल. "तू एकेक स्क्रू काढ आणि कुठला ते सांग. मी त्याच्या त्याच्या घरात ठेवते."

"डावीकडचा वरचा," सून दाराशी उकिडवी बसून म्हणाली आणि मागे न बघताच हात मागे केला.

"ठेवला."

"डावीकडचा खालचा."

"ठेवला. पुढे."

मधल्या हँडलचे दोन, मग उजवीकडचे दोन. सगळे स्क्रू आपापल्या गोलात जाऊन बसले. झाकण ओढलं तेव्हा कडाड्कन आवाज झाला आणि दोघींनी वर खिडकीकडे पाहिलं. शांत. मुंगी साथ देत होती.

दाराचं पोट उघडं पडलं तेव्हा सून क्षणभर बघतच राहिली. तिला कानाच्या यंत्रांची सवय. नखाएवढ्या डबीत सगळा संसार. इथे तर ऐसपैस जागा होती, हात घालून वळवता येत होता. तुटक्या क्लिपचे दोन तुकडे तळाशी पडले होते, आणि त्यांच्यासोबत एक पेन्सिल, वाळलेलं पान आणि मुंगीचा मागच्या वर्षी हरवलेला मोजा. "हा इथे कसा गेला?" सासूबाई म्हणाल्या. "फट दिसली असेल," सून म्हणाली.

तिनं काच दोन्ही हातांनी वर ओढली. सासूबाईंनी ती रुंद चिकटपट्टीनं दाराच्या वरच्या चौकटीला टांगली, बाळाला झोळीत टाकावं तशी जपून. मग नवी क्लिप पट्टीवर, काच क्लिपमध्ये, एक खटका, की झालं. बटण दाबलं. काच वर गेली. खाली आली. पुन्हा वर गेली, लोण्यातून सुरी जावी तशी.

दोघी एकमेकींकडे बघून हसल्या. सासूबाईंनी तर हळूच टाळीसाठी हात पुढे केला. त्यांच्या घरात सासू-सुनेनं टाळी द्यायची पद्धत नव्हती, ती त्या दिवसापासून पडली.

आता फक्त झाकण लावायचं. चादरीकडे बघून सुनेनं एकेक स्क्रू उचलला. डावीकडचा डावीकडे, उजवीकडचा उजवीकडे, मधले मध्ये. घट्ट आवळले. बटण दाबलं.

काच अर्ध्यावर आली आणि थांबली.

खाली घेतली. पुन्हा वर. पुन्हा अर्ध्यावरच, आणि आतून कुरकुरणारा आवाज आला. एक क्लिप तर आत्ताच घातली होती. ही पण गेली की काय? की आता खरंच मोटरवर आलं? चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला तो हाच. शनिवार दुपारचे तीन वाजले होते. सर्व्हिस सेंटर पाचला बंद, उद्या सुट्टी, परवा सोमवार.

आणि नेमकी तेव्हाच वरून हाक आली. "आईऽऽ! मी उठले!"

"घे, बॉस आल्या," सासूबाई उठत म्हणाल्या.

त्या मुंगीला कडेवर घेऊन खाली येईपर्यंत नवऱ्याचा फोन आला. मागे गिरणीची घरघर.

"झालं का?"

"अर्धं झालं."

"अर्धं म्हणजे?"

"काच अर्धी वर, अर्धी खाली."

"मग अर्धे पैसे तरी वाचले म्हणायचे!" तो म्हणाला. ती हसली नाही हे त्याला तिकडे कळलं असावं. "ए, ऐक. मिक्सर माझ्याच्यानं मिटला नाही, कारण मी घाई केली. तू करू नकोस. नाहीच झालं तर मी सोमवारी रजा टाकतो, दिवसभर गाडीत बसून राखण करतो. तू म्हाताऱ्यांकडे जा."

"वेडा आहेस," ती म्हणाली. पण या वेळी ती हसली.

मुंगीला चादरीवर बसवून हातात तो सापडलेला मोजा दिला. तो आता पायात जात नव्हता, म्हणून तिनं हातात घातला आणि त्याच्याशी बोलत बसली. सुनेनं पुन्हा स्क्रूड्रायव्हर उचलला. घाई न करता विचार केला. झाकण नव्हतं तेव्हा काच चालत होती. म्हणजे क्लिप चांगली, मोटर चांगली. जे बिघडलंय ते मिटवतानाच बिघडलंय.

तिनं पहिला स्क्रू काढला आणि उन्हात धरला. त्याच्या टोकावर ताजी चकाकी होती, घासल्यासारखी. हा पट्टीला टेकत होता! तिनं समोरच्या बाजूचा स्क्रू काढून त्याच्याशेजारी धरला. तो अर्ध्या पेरानं आखूड होता. हातात एकटा असताना कुठलाच लांब वाटत नाही, आखूड वाटत नाही. शेजारी शेजारी धरल्यावरच कळतं.

"आई, मी तुम्हाला डावीकडचा म्हणून आखूडच दिला होता ना?"

"लांबी नाही बघितली मी. डावीकडचा म्हणालीस, डावीकडे ठेवला."

"नाही, तुम्ही उजवीकडे ठेवलात."

"अगं, डावीकडेच. हे बघ." सासूबाईंनी चादरीवरच्या चौकोनावर बोट ठेवलं. उजव्या हाताच्या गोलावर.

"हे उजवीकडे आहे, आई."

"तुझ्याकडून बघताना उजवीकडे. उलट्या बाजूनं काढलंय ना मी."

"उलट्या बाजूनं का?"

सासूबाई तिच्याकडे अशा बघायला लागल्या, की जणू सुनेनं पाणी ओलं का असतं असं विचारलं. "मग काय सुलट्या बाजूला काढू? खडू कधी कोणी कापडाच्या सुलट्या बाजूला लावतं का? डाग दिसतो! तीस वर्षं झाली, सगळं मी उलट्या बाजूनंच आखते. डावी बाही उजवीकडे, उजवी डावीकडे. तू डावीकडचा म्हणालीस की माझा हात आपोआपच उजवीकडे जातो."

म्हणजे चादरीवरच्या खुणा चोख होत्या. फक्त त्या दाराच्या आतून बघितल्यासारख्या होत्या, आणि सुनेनं त्या बाहेरून वाचल्या होत्या. लांब स्क्रू आखुडांच्या घरात गेले होते आणि तिथून सरळ पट्टीत घुसले होते.

आधी सुनेला हसू फुटलं, मग सासूबाईंना. सासूबाई हसायला लागल्या की आवाज न करता नुसत्या हलायच्या, डोळ्यांतून पाणी यायचं. "त्या टायवाल्याला सांग," त्या पदरानं डोळे पुसत म्हणाल्या, "आमच्याकडे पण असेंब्लीच मिळते. सासूबरोबर तिची खोड येते, सुटी मिळत नाही!" कशाला हसतायत ते न कळता मुंगीही हसली, मोजा घातलेला हात उंच करून.

स्क्रू बदलले. लांब लांबांच्या जागी, आखूड आखुडांच्या. सुनेनं हात पुसले, आत जाऊन सीटवर बसली, चावी फिरवली, गाडीचा पंखा लावला आणि बटण दाबलं.

काच वर गेली. अर्ध्यावर आली तेव्हा तिनं डोळे मिटले होते. उघडले तेव्हा ती वरच्या चौकटीत जाऊन टेकली होती, आणि गल्लीतले सगळे आवाज कोणीतरी हातानं पुसून टाकल्यासारखे नाहीसे झाले होते. सोमवारी ती इथेच अशी बसणार होती. मागच्या सीटवर पेटी, शेजारी सहा घरांची यादी. चार वर्षांत या गाडीत ती एकटी कधी बसली होती, ते तिला आठवेना. तिला फार छान वाटलं, आणि इतकं छान वाटतंय याचं थोडं कसंसंच वाटलं.

बाहेर सासूबाई मुंगीला कडेवर घेऊन काचेजवळ आल्या होत्या. मुंगीनं नाक काचेला चिकटवलं. मग मागे होऊन ती बोलायला लागली. काहीतरी मोठं, मुद्द्याचं सांगत असावी. भुवया वर, मोज्याचा हात एकदा गाडीकडे, एकदा घराकडे, एकदा स्वतःच्या छातीवर. ओठ हलत होते आणि ऐकू येत होता फक्त पंखा. सुनेनं बटण दाबलं. काच खाली सरकायला लागली तोवर बोलणं संपलंही होतं. सगळं ऐकलेल्या सासूबाई मात्र नातीकडे न बघता भलतीकडेच बघत होत्या.

मुंगीनं दारावर हनुवटी टेकवली.

"आई," तिनं विचारलं, "आत्ता मी काय म्हणाले?"